मकसूदच्या गळ्यातला टायर

"अप्पा, तुमाला लुटलं बगा." मकसूदनं नव्या सायकलीचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तोंड कडू केलं. "साडेचार हजार! एवढ्यात तीन सायकली आल्या असत्या, वर घंटी फुकट."

शिवलिंगप्पांना झोंबलं. बीडहून टेम्पोत जपून आणलेली ती गिअरची सायकल सकाळपासून त्यांच्या किराणा दुकानापुढं उभी होती. अर्धं गाव बघून गेलं होतं. पण सायकलीतलं कळणारा गावात एकच, पंक्चरवाला मकसूद. अन् त्यानंच असं बोलावं?

"दुकानदार म्हणला, टायर लई जाड हाय. बाभळीचा काटा आत शिरतच न्हाई."

"म्हणंल की! त्याला इकायचीय. ह्या रस्त्याचा काटा मला इचारा, माझी चूल पेटती त्याच्यावर. गावातल्या कुठल्याबी ट्यूबवर माझ्या हातची तारीख हाय."

ते मात्र खरं होतं. एका गिऱ्हाइकानं जुन्या पंक्चरवरून भांडण काढलं, तेव्हापासून मकसूद प्रत्येक ठिगळावर बॉलपेननं तारीख टाकायचा. ती त्याची खोडच होऊन बसली होती.

भोवती माणसं जमलेली पाहून त्याला आणखी जोर चढला. "आज पाच जुलै. महिन्याच्या आत पंक्चर झालं न्हाई, तर हा मकसूद गळ्यात टायर घालून महादेवाच्या देवळापर्यंत चालत जाईल!"

लोक हसले. शिवलिंगप्पांची लेक कावेरी मात्र चौकटीला धरून उभी होती.

"अन् झालं," अप्पा तडकून म्हणाले, "तर त्याच दिवशी सायकल इकायची. हिचं कॉलेज बंद."

मकसूदनं कावेरीकडं पाहिलं आणि टायरवरचा हात काढून घेतला.

अप्पा काही पोरीच्या शिक्षणाच्या वाईटावर नव्हते हो. पण कॉलेज चौसाळ्याला, सात किलोमीटर. एसटी थांबली तर थांबली. मधे दोन्ही बाजूंना नुसत्या बाभळी. चाक बसलेली सायकल ढकलत आपली लेक त्या रस्त्यानं येतेय, एवढं मनात आलं की अप्पा कॉलेजचं नावच काढू द्यायचे नाहीत. बायकोनं, नीलाबाईनं, महिनाभर धोशा लावला म्हणून ते तयार झाले. तेही जाड टायरची, पंक्चर न होणारी सायकल मिळेल तरच, या बोलीवर.

तशी कावेरी एकटी जाणार नव्हती. मकसूदची यास्मिन तिची जिवाची मैत्रीण. लहानपणी पोलिओनं यास्मिनचा एक पाय गेलेला, त्यामुळं तिला सायकल चालवता यायची नाही. कावेरीनं तिला मागं बसवून न्यायचं, असं दोघींचं कधीच ठरलं होतं. नव्या सायकलीला कॅरिअर नव्हतं. ते मकसूदनंच दुसऱ्या दिवशी बसवून दिलं, पण कुरकुर काही सोडली नाही.

"एवढी महाग अन् कॅरिअर न्हाई! काय कामाची?"

कॉलेज सुरू झालं. त्याच आठवड्यात मकसूदनं हत्याराची पेटी उचलली आणि वाटेतल्या फाट्यावर लिंबाखाली जाऊन बसला. सकाळी जायचा तो दुपारीच परत यायचा. त्याची बायको जैनबबी चहापत्ती घ्यायला आली की अप्पांपुढं रडगाणं गायची.

"फाट्यावर कुत्रं फिरकत न्हाई, अप्पा. गावातलं दुकान बंद ठेवून तिथं कशापायी बसायचं? तुमी तरी समजवा."

अप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे. आपल्या सायकलीची गड्यानं धास्ती घेतली, असं त्यांना वाटायचं. रोज दुपारी दोघी पोरी हसत-खिदळत परत आल्या की ते टायर दाबून बघायचे. कडक! एकदाही हवा कमी नाही.

पाच ऑगस्टला मकसूद आपणहून आला. गळ्यात जुना टायर.

"हरलो, अप्पा. पैसा वसूल हाय तुमची गाडी."

मग काय विचारता! पोरांनी डबे बडवले, बाया दारात आल्या, कुणीतरी त्याच्या डोक्यावर गुलाल टाकला. मकसूद मान खाली घालून देवळापर्यंत चालत गेला. यास्मिन घराबाहेर आली नाही. कावेरी आत जाऊन हमसून हमसून रडली. चाचाची कीव आली असंल, असं अप्पांना वाटलं. त्यांनाही जरा वाईटच वाटलं, पण खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

त्यानंतर दुकानात येईल त्याला अप्पा सांगायचे, "मालाला पैसा मोजावा लागतो, बाबा. मकसूदलाबी कबूल करावं लागलं."

जानेवारीत मकसूद भाच्याच्या लग्नाला बायको-पोरीसकट परळीला गेला. त्याच दिवशी अप्पा माल आणायला चौसाळ्यात होते. कॉलेजच्या फाटकाशी कावेरी उभी दिसली. चेहरा पांढराफटक, अन् पुढचं चाक बसलेलं.

"अप्पा..." तिनं हँडल घट्ट धरलं.

अप्पांना तिची दया आली. सहा महिने सायकलीनं एक दिवस दगा दिला नव्हता. "घाबरू नगं, पोरी. एक पंक्चर माफ केलं. कॉलेज न्हाई बंद करत मी."

तिचा हात धरून ते सायकल तिथल्याच धुळाजी पंक्चरवाल्याच्या दुकानात घेऊन गेले. "पहिलंच पंक्चर हाय बरं का," अप्पा ऐटीत म्हणाले. "नीट काढ."

धुळाजीनं टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली आणि खो खो हसत सुटला. "पहिलं? अप्पा, ही ट्यूब हाय का गोधडी?"

अप्पांनी चष्मा चढवला. अकरा ठिगळं. प्रत्येकावर बॉलपेननं तारीख. डिसेंबरच्या, नोव्हेंबरच्या, सप्टेंबरच्या तर दोन. ते ट्यूब हळूहळू फिरवत गेले. कावेरी खाली मान घालून उभी होती. व्हॉल्व्हच्या शेजारी सगळ्यात जुनं, कडा झिजलेलं ठिगळ होतं.

त्याच्यावर लिहिलं होतं : नऊ जुलै.