दुभाष्या
मुलगी विहिरीत बुडाली, तेव्हापासून रुपीबाई बंजाऱ्यांच्या गोरबोलीशिवाय बोलेना. यवतमाळला मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, तर ती नवऱ्याकडे, देवीलालकडे बघून पुटपुटली, “मला जगायचं नाही.” देवीलालच्या जिभेवर ते शब्द मराठीत चढेनात. त्यानं सांगितलं, “साहेब, तिले झोप येत नाही.” दोघं झोपेच्या गोळ्या घेऊन तांड्यावर परतले. आठ दिवसांनी रुपीबाई त्याच विहिरीच्या काठावर एकटी बसलेली दिसली, तेव्हा तो हादरला. विचारत विचारत त्यानं दिग्रसची समुपदेशक शोधली, तीही एका बंजारा तांड्यातलीच. “याडी, बेस,” म्हणत तिनं रुपीबाईला जवळ बसवलं. आपल्या बोलीत ‘आई’ ऐकताच रुपीबाई ढसाढसा रडली. तिनं सगळं सांगितलं, जगायचं नाही हेही. समुपदेशक हळूच देवीलालकडे वळली, “बापू, हे तुमाले माहीत होतं?” “होतं, बाई. डॉक्टरले मीच खोटं सांगतलं. मले वाटलं, तोंडानं बोललो तर खरंच होईन.” तिनं त्याच्यापुढेही खुर्ची सरकवली.