नातीचा पहिला फोटो

पाळण्यापुढे विश्रामअण्णांनी कॅमेरा उचलला, तसं बायकोने त्यांचं डावं कोपर धरलं, मुलाने उजवं. कुडाळातल्या निम्म्या लग्नांचे फोटो अण्णांनीच काढलेले. आता हात थरथरायचे, तरी नातीच्या बारशाचा पहिला फोटो आपणच काढणार म्हणून हटून बसले होते. बायकोने कोपर वर उचललं, मुलाने खाली दाबलं. फोटोत बाळाऐवजी पाळण्याखाली जमिनीवर सांडलेलं तूप दिसलं.

"ही मदत नव्हे, रस्सीखेच," अण्णा म्हणाले. "या कॅमेऱ्याकडून शिका. तो वरखाली डुलला की लेन्स सावरते, एका अंगावर कलला की आतला सेन्सर. एकमेकांच्या कामात लुडबुड करत नाहीत."

"संसारभर मी हेच सांगत आले," म्हणत बायकोने मुलाला खुळखुळा देऊन पाळण्यामागे धाडलं आणि दोन्ही कोपरं स्वतः धरली.

या वेळी पाळणा लख्ख आला, बाळाचं नाकही. इवली मूठ तेवढी पुसट.

"मूठच का हलली?" मुलगा हिरमुसला.

"कॅमेरा आपला हात सावरतो, बाळाचा नाही," अण्णा म्हणाले.

बायको फोटो निरखत हसली. "नाक कुणाचं ते ठरेल सावकाश. हात मात्र आजोबांवर गेलेत."