अडवलेला रॅम्प

मधुकररावांनी ट्रॅक्टर नेमका रॅम्पच्या तोंडाशी आडवा लावला. नावा उतरवायला सरकारनं बांधलेला तो सिमेंटचा उतार थेट कन्हान नदीच्या पाण्यात जात होता. नंदिनी आपली लाल कयाक, एकट्यानं वल्हवायची अरुंद नाव, खांद्यावर घेऊन वर उभी राहिली.

"ट्रॅक्टर काढा, मामाजी. रॅम्प सगळ्यांचा आहे."

"बिघडला ना वं. आता मी का करू?"

सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव झालं होतं. दहा वर्षं खुर्चीवर बसलेल्या मधुकररावांनी बायकोला, सुभद्राबाईंना उभं करायचं ठरवलं. बिनविरोध. गावात दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. होती ती एकट्या या शेजारच्या सुनेची, नंदिनीची. पोरींना वल्हवायला शिकवायची आणि रॅम्पवरून चालणारा रेतीचा उपसा बंद करीन म्हणायची.

आज फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजता तहसिलाचं दार बंद. रस्त्यावर सकाळपासून मधुकररावांची माणसं बसली होती. उरली नदी; तहसील पलीकडच्या काठावर होतं.

"मी बाजूनं उतरते," नंदिनी म्हणाली.

"उतर. कमरेइतकी गाळात रुतशील. काढाले कोणी येणार नाही."

तरीही ती वळली, तशी मधुकररावांच्या दोघा माणसांनी तिचं वल्हं हिसकावलं.

"वल्हं द्या माझं!"

"आधी लायसन दाखव."

"कयाकले लायसन कोण देते?"

"तेच तं इचारून राहिलो," मधुकरराव म्हणाले. माणसं खो खो हसली.

"मी पोलिसात जाईन."

"जा ना. रस्त्यानं जा."

ऊन चढलं. कन्हान दुथडी भरून वाहत होती, पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. नंदिनी भांडली, ओरडली, पुन्हा वल्ह्याला झोंबली. तळहात सोलवटून रक्त आलं. मधुकररावांना क्षणभर वल्हं देऊन टाकावंसं वाटलं. पण आज दया दाखवली तर उद्या खुर्ची गेलीच. त्यांना सुभद्राबाई आठवल्या. सकाळी घरच्या जीपमध्ये फॉर्मचा लिफाफा घेऊन मुकाट बसल्या होत्या. का, कशाला, एक शब्द नाही. बाई असावी तर अशी.

तीन वाजले. मधुकररावांनी हात वर केला आणि बिघडलेला ट्रॅक्टर पहिल्याच दमात सुरू झाला.

"जा आता. दिवसभर वल्हव."

त्यांना वाटलं, ती रडेल. नंदिनीनं वल्हं घेतलं, कयाक पाण्यात सोडली आणि तहसिलाकडे न जाता प्रवाहाविरुद्ध संथपणे वल्हवू लागली. जणू रविवार होता.

"डोस्कं फिरलं वाटते तिचं," कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात जीप आली. रस्त्यावरच्या माणसांनी तिला जाताना अडवलं नव्हतं, येतानाही नाही. सरपंचाची जीप कोण अडवणार? सुभद्राबाई खाली उतरल्या.

"भरला फॉर्म?"

"भरला," त्या म्हणाल्या आणि पावती पुढे केली.

पावती एकच होती. फॉर्म आणून देणाऱ्या सूचकाच्या जागी सुभद्राबाईंची सही होती, आणि उमेदवाराच्या जागी नंदिनीचं नाव.