रंगाची खात्री

"ताई, आईची बायोप्सीही इथेच तपासली होती. सहा वर्षं झाली तिला जाऊन," लॅबच्या खिडकीत स्वतःच्या बायोप्सीची बाटली देत तरुणी म्हणाली. "माझं तसं नसेल ना?" "घाबरू नका," म्हणत तंत्रज्ञबाईंनी जुनी नोंद काढली. नोंदीतला नंबर त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एक प्रथिन रंगवल्यावर तपकिरी दिसतं. रंग नीट चढल्याची खात्री म्हणून बाई प्रत्येक काचेवर एका जुन्या गाठीचा पातळ कापही ठेवायच्या. मेणात जपलेली ती गाठ हिच्या आईची होती. दुसरी गाठ हाताशी होती, तरी बाईंनी तीच कापली. आई असू दे लेकीजवळ. चौथ्या दिवशी डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत म्हणाल्या, "मुलीच्या कापात ग्रेड तीनचा आजार आहेच, पण इतकं गडद? रंग जास्त चढलाय? पुन्हा करू?" बाईंनी आईचा काप पाहिला. तो नेहमीइतकाच तपकिरी होता. "नको, मॅडम. रंग बरोबर आहे."