बिनआवाजाचा पंप

आमच्या ह्यांनी हौसेने खाऱ्या पाण्यातला मासा घरी आणला, आणि टाकीतलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाने आमचं डोकं खायला सुरुवात केली. पहिला पंप एवढा जोराचा निघाला की मासा काचेला स्टिकरसारखा चिकटला. दुसऱ्याने तळाची सगळी वाळू एका कोपऱ्यात नेऊन तिचा डोंगर केला. तिसरा असा घरघरायचा की शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन आल्या. तिन्ही पंप माळ्यावर गेले, त्याला आता पंधरा दिवस झाले.

आज सकाळी ह्यांनी फोन स्पीकरवर टाकून दुकानदाराला गाठलं.

"चौथा घेताना तीन गोष्टी बघा," तो म्हणाला. "आवाज नको. मध्येमध्ये दिशा बदलायला हवी. आणि वीज गेली तरी बंद पडता कामा नये."

"तिन्ही एकात मिळतील?"

"अवघड आहे, साहेब. पण मला सांगा, पाणी थांबलं की मासा गुदमरतो. तुमचा पंधरा दिवस पंपाशिवाय जगला कसा?"

ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच वीज गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

 

टाकीजवळ स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी चकार शब्द न काढता लाकडी कालथा या हातातून त्या हातात घेतला, आणि पाणी उलट्या बाजूने ढवळायला सुरुवात केली.