मागची सीट

“मावशी, आमच्यासारख्या गाड्या नक्की बनल्या तरी किती?”

मैत्रिणींनी पैजच लावली होती. ‘जगात फक्त सात’ ही माझ्या पप्पांची थाप आहे, असं त्यांचं म्हणणं. खरं निघालं तर उद्या आम्ही चौघी त्याच गाडीतून ऐटीत शाळेत जाणार! म्हणून मी सरळ गाडीच्या कंपनीच्या संग्रहालयात फोन लावला, तोही स्पीकरवर.

“हिरवा रंग, दोन दारं? सातच गं, बाळा,” तिथल्या मावशी म्हणाल्या.

मी मैत्रिणींना जीभ दाखवली. “आणि आत चामड्याच्या सीट!”

“चामड्याच्या? छे! साती गाड्यांना कापडीच होत्या.”

घरी आले तर पप्पा गॅरेजमध्ये मागच्या सीटला तेल लावत होते. दर रविवारी लावतात.

“पप्पा, ही सीट कुणी बदलली?”

“काहीतरीच काय! कंपनीचीच आहे. बघ, कुठे शिवण तरी सापडते का.”

खरंच नव्हती. मी हात फिरवला. सीट कोमट होती, आणि घामेजलेल्या पाठीसारखी चिकट. शी! मी तळवा स्कर्टला खसाखसा पुसला.

तेवढ्यात बाटलीतून तेलाचा गार थेंब सीटवर पडला. त्याच्याभोवती बारीक बारीक काटा उभा राहिला.

“गार लागलं वाटतं,” म्हणत पप्पांनी तिला हलकेच थोपटलं.

दारात उभी असलेली आई हसली.

मी गाडीपासून दोन पावलं मागे सरले. मी म्हणाले, “आई, पप्पा, आपली गाडी त्या सातांतली नाहीच, मी पैज हरले, असं सगळ्यांना सांगणार आहे. या गाडीत माझी एकही मैत्रीण बसणार नाही. आणि मीसुद्धा नाही.”