नावाड्याचा पिक्चर

वाडीतल्या भाड्याच्या खोल्यांसमोरच्या अंगणात रविवारी संध्याकाळी आवडत्या पिक्चरच्या गप्पा रंगल्या होत्या. बायको कुसुम वारल्यापासून प्रेमानंद आज पहिल्यांदाच त्यात येऊन बसले होते. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, थिएटरात जायला सवड मिळालीच नाही. कुसुम शेजारच्या शामलाबाईंबरोबर पिक्चर बघून यायची आणि ते घरी आले की जेवताना अख्खी गोष्ट सांगायची.

"मले तर तो नावाड्याचा आवडते," ते म्हणाले. "पुरात जाते बिचारा, सारे म्हणतात मेला, अन् शेवटी घरी येते."

शेजारची श्वेता फिसकन हसली. "काय काका! बुडून मरते तो. परवाच पाहिला मी मोबाइलवर."

"पुरा पाहिला नसशील तू. आमच्या कुसुमनं थिएटरात पाहिला होता."

"मग विचारा शामलाकाकूले!"

शामलाबाई मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. "मरते जी, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "लय रडलो होतो आम्ही दोघी. कुसुम म्हणे, त्यायले उद्या गाडी घेऊन जायचं हाय, असं कायले सांगू?"

प्रेमानंद एकेक गोष्ट आठवू लागले. कुसुमनं सांगितलेल्या एकाही पिक्चरमध्ये शेवटी कोणी मेलं नव्हतं.

"अन् बाकीचे पिक्चर, शामलाबाई?"

श्वेता काही बोलणार, तोच शामलाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"बाकीचे तिनं सांगितले तसेच होते, भाऊजी."